यॉर्कजवळच्या लाकडी केबिनमध्ये चार रात्री : सोलापूरहून निघताना करायची तयारी

सोलापुरात 'लॉज' म्हटलं की स्टेशनसमोरची खोली डोळ्यांपुढे येते. इंग्लंडात शेताच्या किंवा जंगलाच्या कडेला ओंडक्यांचं अख्खं घर भाड्याने देतात, त्यालाही लॉज किंवा लॉग केबिन म्हणतात. तिथे रूम सर्व्हिस नसते आणि कोपऱ्यावर चहाची टपरीही नसते. शेगडी, फ्रिज, भांडी, अंथरूण-पांघरूण मिळतं. पुढचा संसार आपला आपण मांडायचा. हॉटेल समजून रात्री नऊला रिकाम्या हाताने पोचलात, तर पहिली रात्र बिस्किटांवर निघते. तयारी करायची ती हे धरूनच.

कधी जायचं, पैसे कधी भरायचे

मे महिन्यात सोलापूर चाळिशीपार तापलेलं असतं, तेव्हा यॉर्कला दुपारी 16-17 अंश आणि पहाटे 6-7 अंश असतात. जूनमध्ये सूर्य रात्री साडेनऊच्या सुमारास मावळतो. डिसेंबरात पावणेचारलाच अंधारतं. आपल्या शाळांना जूनच्या मध्यापर्यंत सुट्टी, तिकडच्या शाळांची मोठी सुट्टी जुलैअखेरीस सुरू होते. हा फरक आपल्या फायद्याचा. मेचा पहिला आणि शेवटचा सोमवार तिकडे सार्वजनिक सुट्टी असते, शिवाय मेअखेरीस शाळांना आठवडाभर सुट्टी पडते; तेवढे दिवस वगळा. केबिन बहुधा शुक्रवार ते सोमवार किंवा सोमवार ते शुक्रवार अशी मिळते. दुसरा पर्याय घ्या. एक रात्र जास्त मिळूनही तो बऱ्याच ठिकाणी स्वस्त पडतो.

खरी गाठ व्हिसाशी आहे. ब्रिटनच्या पर्यटक व्हिसासाठी प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि बोटांचे ठसे दिल्यावर निकालाला साधारण तीन आठवडे लागतात. ठसे द्यायला पुण्याचं केंद्र जवळचं. सकाळच्या गाडीने जाऊन संध्याकाळी परतता येतं. आता हिशोब करा. केबिनवाले उरलेली सगळी रक्कम बहुधा सहा ते आठ आठवडे आधी मागतात. अर्ज खिडकी उघडताच केलात, तर निकाल प्रवासाच्या नऊ-दहा आठवडे आधी हातात येतो आणि मग पैसे भरता येतात. महिनाभर रेंगाळलात तर व्हिसाआधीच पूर्ण रक्कम अडकते. 'व्हिसा नाकारल्यास अनामत परत' हे ईमेलवर लिहून घ्या, फोनवरच्या 'हो'वर राहू नका.

अंतर आधी, फोटो नंतर

जाहिरातीत 'यॉर्कजवळ' म्हणजे शहरापासून 8 किलोमीटरही असतं आणि 45 किलोमीटरही. शहराच्या उत्तरेला एकेकाळी गॅल्ट्रेसचं राजेशाही जंगल होतं. तो सगळा भाग आता शेतं, झाडी आणि छोट्या गावांचा आहे. इथल्या केबिन शहराला सर्वांत जवळ. ईशान्येला सुमारे 25 किलोमीटरवर हॉवर्डियन टेकड्या, तिथेच 1699 साली बांधकाम सुरू झालेला कॅसल हॉवर्ड हा वाडा. त्याही पुढे पिकरिंग गाव ओलांडलं की नॉर्थ यॉर्क मूर्सची दाट सूचिपर्णी जंगलं लागतात. 'जंगलात केबिन' हे चित्र मनात असेल तर ते इथलं. पण इथून रोज यॉर्कला जाणं म्हणजे येऊन-जाऊन दोन तास रस्त्यावर.

गाडी चालवणार नसाल तर शहरालगतचीच केबिन घ्या, आणि बस थांबा एक किलोमीटरच्या आत आहे ना हे नकाशावर मोजा. खेड्यातल्या रस्त्यांना फुटपाथ नसतो, दिवेही नसतात. शेवटची बस बऱ्याच गावांत संध्याकाळीच सुटते आणि रविवारी काही मार्ग बंदच असतात. टॅक्सी आयत्या वेळी मिळत नाही. आदल्या दिवशी सांगून ठेवावी लागते.

गाडी घेणार असाल तर इंग्रजीत छापलेला आपला परवाना पर्यटकाला 12 महिन्यांपर्यंत चालतो. गाडी डावीकडूनच चालवायची, त्यामुळे हात बसायला वेळ लागत नाही. चुकतं ते चौकात: गोल वळणावर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, आणि ते तिथे खरोखर पाळतात. वेगमर्यादा मैलांत असते. वस्तीत 30 म्हणजे ताशी 48 किलोमीटर. मूल 12 वर्षांचं किंवा 135 सेंटिमीटर उंचीचं होईपर्यंत त्याला वेगळी आसनं लागतात. ती गाडीसोबतच आरक्षित करा. भाड्याच्या गाडीला बहुतेक ठिकाणी चालवणाऱ्याच्याच नावाचं क्रेडिट कार्ड लागतं, आणि वडिलांच्या कार्डावर मुलाने गाडी उचलायची हा बेत काउंटरवरच फसतो.

पोचण्याचा दिवस

मुंबईहून लंडनला उतरलात तर हीथ्रोहून पिकॅडिली लाइनची मेट्रो थेट किंग्ज क्रॉसला नेते, तासाभरात. तिथून यॉर्क रेल्वेने सुमारे दोन तास. मँचेस्टर विमानतळावरूनही यॉर्कला थेट गाड्या आहेत. आगाऊ काढलेलं स्वस्त तिकीट त्या एकाच गाडीचं असतं. विमानाला उशीर झाला की ते वाया. म्हणून पहिली रात्र यॉर्क शहरात काढा. केबिनची किल्ली दुपारी तीन-चारनंतरच मिळते, तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी बाजार उरकून निघालात की वेळ बरोबर जमते.

सोमवारी मुक्काम सुरू होणार असेल तर रविवारचा बाजार जपून ठरवा. 1994 च्या कायद्यानुसार इंग्लंडातली 280 चौरस मीटरहून मोठी दुकानं रविवारी सहाच तास उघडी असतात.

खेड्यातला एक पोस्टकोड अख्ख्या वाडीवस्तीला पुरतो, आणि गुगल तुम्हाला बिनधास्त कुणाच्या तरी शेताच्या फाटकाशी नेऊन उभं करतं. मालकाने पाठवलेल्या वाटेच्या सूचना आणि किल्लीच्या पेटीचा आकडा कागदावर लिहून घ्या, नकाशा आधीच उतरवून ठेवा. झाडीत फोनला रेंज नसते.

शिधा काय न्यायचा

दूध, तूप, खवा, पेढे, मांस यांतलं काहीही भारतातून ब्रिटनमध्ये नेता येत नाही. विमानतळावर काढून घेतात. ताज्या भाज्या, मिरच्या, बटाटेही इथेच ठेवा. नेण्यासारखं सोलापुरी सामान मात्र प्रवासासाठीच जन्मल्यासारखं आहे: कडक भाकरी आणि शेंगाचटणी. चौघांना चार रात्रींसाठी 20-24 कडक भाकऱ्या, 300 ग्रॅम चटणी, 100 ग्रॅम काळं तिखट पुरे. भाकऱ्या स्टीलच्या रुंद डब्यात, प्रत्येक थरात कागद घालून भरा. बॅगेत नुसत्या ठेवल्या तर चुरा घेऊन उतराल. चटणी-मसाला घरचा असला तरी दुकानातलं छापील वेष्टनातलं पाकीट न्या. बिनलेबलच्या लाल पुडीवर प्रश्न विचारले जातात.

तांदूळ, मसूर डाळ, हळद, कोथिंबीर, दही तिकडच्या मोठ्या सुपरमार्केटात मिळतं. कुकर नेऊ नका. भिजवलेली तूरडाळही पातेल्यात पाऊण तास घेते, मसूर वीस-पंचवीस मिनिटांत शिजते. चार दिवस मसुरीवर काढायला हरकत नाही. शेगडी बहुधा इंडक्शन असते, आणि तिच्यावर ॲल्युमिनियमचं भांडं तापतच नाही. तवा न्यायचाच असेल तर घरीच त्याच्या बुडाला लोहचुंबक लावून पाहा; चिकटला तर चालेल.

फोडणी आणि धुराची घंटी

केबिनमध्ये स्वयंपाकघर आणि बैठक एकच, छत लाकडाचं, वर धुराची घंटी. आपली नेहमीची फोडणी तिला वाजवणारच. क्रम बदला: आधी शेगडीवरचा पंखा पूर्ण वेगाने चालू, मग खिडकी उघडी, मग तेल. इंडक्शन नऊपैकी पाचवर ठेवा. पातळ पॅनमध्ये नऊवरचं तेल मिनिटभरात धुरावतं. मोहरी तडतडली की पॅन उचलून बाजूला घ्या आणि त्यानंतरच हिंग-तिखट टाका. तिखट तापल्या पॅनवर जळलं की खोकला आणि घंटी बरोबरच सुरू होतात. वाजलीच तर तिच्याखाली टॉवेल हलवा, दार उघडा. तिची बॅटरी काढणं किंवा तिला प्लास्टिक बांधणं मुळीच नको. लाकडी घरात झोपायचं आहे. फोडणीचं तेल सिंकमध्ये ओतू नका, कारण अशा अनेक ठिकाणी मलनिःसारण सेप्टिक टँकवर असतं. कागदाने टिपून कचऱ्यात टाका.

लाकडाची शेगडी पेटवणं

हिला बंब किंवा चूल समजून समोरून काटक्या सारत गेलात, फुंकर मारलीत, की सगळा धूर खोलीत. ही पेटवायची वरून खाली. तळाशी दोन जाड ओंडकी, मध्ये बोटभर अंतर ठेवून. त्यांवर बोटाएवढ्या जाडीच्या 10-12 कांड्या आडव्या-उभ्या, जाळी केल्यासारख्या. सर्वांत वर मेणाची पेटवणी. हवेच्या दोन्ही झडपा पूर्ण उघडा आणि पेटवा. ज्योत वर असल्याने धुराडं आधी तापतं, तापलं की ते धूर वर ओढतं. पंधरा-वीस मिनिटांत ओंडकी धरली की खालची झडप बंद करा आणि आग वरच्या झडपेने कमी-जास्त करा.

काच काळी पडत असेल तर कारणं दोनच: लाकूड ओलं आहे किंवा हवा फार आवळली आहे. 2021 पासून इंग्लंडात लहान प्रमाणात विकलं जाणारं जळाऊ लाकूड 20 टक्के किंवा त्याहून कमी ओलाव्याचं असावं लागतं; पिशवीवर तसा शिक्का असतो. जंगलातून फांद्या गोळा करून जाळू नका. त्या वरून कोरड्या दिसतात, आत भिजलेल्या असतात. रॉकेल, पेट्रोल अजिबात नाही. कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूची घंटी वेगळी असते. ती वाजली तर आधी सगळे बाहेर, कारण शोधणं मागाहून.

गरम पाण्याचं टब आणि न्हाणीघर

टबचं पाणी 37-38 अंशांवर ठेवा, 40 च्या वर नाही, आणि एका वेळी वीस मिनिटं. उतरण्याआधी डोक्याचं खोबरेल शाम्पूने धुऊन काढणं सक्तीचं समजा. तेलाने पाण्यावर फेस येतो, गाळणी तुंबते, आणि पाणी बदलून पुन्हा तापवायला कित्येक तास जातात, बहुधा तुमच्या खर्चाने. टबसाठी वेगळे टॉवेल कमी देतात. आपण टॉवेलच्याच गावचे, दोन घेऊन चला.

न्हाणीघरात बादली-तांब्या नसतो आणि शॉवरच्या बाहेर जमिनीला मोरीही नसते. बाहेर सांडलेलं पाणी फळ्यांखाली मुरतं, फळ्या फुगतात. दिव्याचं बटण बहुधा छतातून लोंबणारी दोरी असते.

यॉर्क शहर : एक दिवस नीट

केबिनहून निघालात तर गाडी शहरात नेऊ नका. कडेच्या पार्क अँड राइड तळांवर गाडी फुकट लावता येते, पुढे बस. नावांचा घोळ आधी समजून घ्या: यॉर्कमध्ये 'गेट' म्हणजे रस्ता, कारण तो व्हायकिंगांचा शब्द आहे, आणि 'बार' म्हणजे वेस. बूदम बार आणि मंक बार या वेशींमधला तटाचा तुकडा सर्वांत देखणा, मिन्स्टर, म्हणजे इथलं भव्य कॅथेड्रल, सतत दिसत राहतं. संपूर्ण तट सुमारे साडेतीन किलोमीटर, दोन तास, फुकट. अंधार पडताना बंद होतो.

रोमनांनी हे शहर इसवी सन 71 मध्ये वसवलं, 306 मध्ये कॉन्स्टंटाइन इथेच सम्राट घोषित झाला, 866 मध्ये व्हायकिंगांनी ते घेतलं. आजचं मिन्स्टर 1220 च्या सुमारास सुरू होऊन 1472 मध्ये पुरं झालं. मनोऱ्याला 275 अरुंद पायऱ्या आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी खालीच पूर्वेकडची मोठी रंगीत खिडकी बघावी, ती 1405 ते 1408 मधली. स्टेशनजवळचं राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय फुकट आहे. 1938 मध्ये ताशी 203 किलोमीटर गाठणारं मॅलार्ड हे वाफेचं इंजिन तिथलंच. पोरं तिथून लवकर निघत नाहीत, तेव्हा ते दुपारी ठेवा.

निघतानाची सकाळ

दहाला चावी द्यायची असते. शेगडीतली राख तशीच राहू द्या. थंड दिसणाऱ्या राखेतही निखारा दिवसभर जिवंत राहतो आणि ती प्लास्टिकच्या कचरापेटीत ओतली तर पेटी पेटते. टबचं झाकण लावा, ओले टॉवेल लाकडी खुर्च्यांवर टाकून जाऊ नका, आणि फ्रिजमधली उरलेली डाळ डब्यात भरून सोबत घ्या, गाडीत कडक भाकरीबरोबर संपते.