कुडल आणि नळदुर्ग एका दिवसात: भाच्याला दिलेली यादी

सत्तावीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केली. निवृत्त झाल्यापासून रविवारी पाहुणे फिरवतो, कधी पुण्याचे व्याही, कधी पोराच्या ऑफिसातली मंडळी. सोलापुरातलं सिद्धेश्वराचं तळं नि भुईकोट त्यांचं ते बघतात, मी नेतो ते हत्तरसंग कुडलला आणि नळदुर्गला. परवा भाचा म्हणाला, "मामा, मलाही न्यायचेत लोक, एकदा लिहून द्या की." तर हे घे.

आधी कुडल, मग नळदुर्ग. उलटं करायचं नाही. कुडलला देवळात अनवाणी फिरावं लागतं आणि अकरानंतर अंगणातला काळा दगड तव्यासारखा तापतो. सहाला घर सोड. कुडल दक्षिणेला विजापूर रस्त्याच्या बाजूला, चाळीसेक किलोमीटर. नळदुर्ग पूर्वेला हैदराबाद रस्त्यावर, तेही साधारण तेवढंच. म्हणजे मध्ये सोलापूर लागतंच. जेवण घरीच ठेव: कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. हॉटेलात बसलास की दीड तास गेला.

मोबाईलच्या नकाशावर नुसतं 'कुडलसंगम' टाकू नकोस. मी टाकलं होतं. गप्पांच्या नादात भीमेचा पूल कधी ओलांडला कळलंच नाही, पाट्या कानडी झाल्या तेव्हा ट्यूब पेटली. तो कुडलसंगम बसवेश्वरांचा, कृष्णा-मलप्रभेचा, पार बागलकोट जिल्ह्यात. आपला भीमा-सीनेचा. 'हत्तरसंग' लिहिल्याशिवाय गाडी काढू नकोस.

कुडलला पोचलास की थेट संगमेश्वराच्या देवळात जा, नदी नंतर. तिथल्या तुळईवर शिलालेख आहे, शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८. सोलापूरचे शिलालेख-अभ्यासक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. आत अंधार असतो, त्यामुळे लोक मान वर करतात, "काही दिसत नाही हो" म्हणतात नि निघतात. इथंच तुझं काम. टॉर्च समोरून मारायची नाही, त्यानं अक्षरं सपाट होतात. बाजूला उभा राहा आणि दगडाला घासून जाईल असा तिरका उजेड टाक. खोदलेल्या रेघांत सावली भरते आणि अक्षर उठून येतं. मग शेवटचे शब्द एखाद्या पोराकडून वाचून घे: "वाछि तो विजेया होईवा". वाचील तो विजयी होईल. चौथीतलं पोर हजार वर्षांपूर्वीचं मराठी अडखळत वाचतं तेव्हा त्याच्या आईबापांचे चेहरे बघ. 'पहिला मराठी शिलालेख' असं मात्र छाती फुगवून सांगू नकोस. रायगडकडचा कोणी असला तर आक्षीचा लेख काढतो, त्याच्या काळावर अभ्यासकांचंच एकमत नाही, आणि तुझी सकाळ भांडणात जाते. साल सांग नि गप्प बस.

शेजारी हरिहरेश्वर. हे देऊळ मातीखाली गाडलेलं होतं, उत्खननात वर आलं. तिथलं बहुमुखी शिवलिंग दाखव: अंगभर ओळीनं कोरलेले ३५९ छोटे चेहरे, आणि अख्खं लिंग धरून ३६०. मोजू देऊ नकोस, एक आजोबा खरंच मोजत बसले होते. संगमावर दहा मिनिटं पुरेत. उन्हाळ्यात पाणी किती असेल ते उजनीतून सोडलंय का यावर.

नळदुर्गला निघण्याआधी तिथल्या कोणाला तरी फोन करून एकच विचार: नर-मादी चालू आहेत का? वरचं बोरी धरण भरून वाहिलं तरच किल्ल्यातल्या बंधाऱ्यावरून ते दोन धबधबे पडतात. मे महिन्यात फोटो दाखवून पाहुणे नेलेस तर कोरडी भिंत बघून ते तुलाच बोल लावतील. ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर हा बेत खरा.

किल्ला मोठा आहे, ११४ बुरुजांचा, सगळा दाखवायच्या फंदात पडू नकोस. तीन-साडेतीनला आत शिरलास की पहिल्यांदा पाणीमहाल. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ च्या सुमारास, बोरी नदीवर बंधारा घातला आणि त्याच्या पोटातच हा महाल बांधला. डोक्यावरून नदी जाते, तू खोलीत कोरडा, खिडकीबाहेर पाण्याचा पडदा. बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून जे सांगायचं ते वरच सांग. तिथं फारसी लेख आहे: हा महाल बघून मित्राच्या डोळ्यांत उजेड येईल, शत्रूच्या डोळ्यांपुढे अंधारी. सकाळी कुडलला वाचणाऱ्याला आशीर्वाद, संध्याकाळी बघणाऱ्याला दम! जिना ओला नि निसरडा असतो, म्हाताऱ्यांना मधे घे, चपला हातात नको, पायात पट्ट्याच्या हव्यात.

उरलेल्या वेळात उपळी बुरुज. पायऱ्या दमवणाऱ्या, सावली नाही, म्हणून उन्हं कलल्यावरच. वर लांबलचक तोफा आहेत, आणि पलीकडे नदीच्या खोऱ्यावर रणमंडळ हा जोडकिल्ला दिसतो. ज्यांचे गुडघे बोलतात त्यांना खाली सोलापुरी चादर अंथरून दे, जुनी एक डिकीत टाकून ठेवच.

"आलोच आहोत तर तुळजापूर करू" असा आग्रह हमखास होतो. नाही म्हण. रविवारची रांग तुला माहीत आहे, आईसाठी वेगळा दिवस काढ.

आणि गाडी सुरू करण्याआधी डोकी मोज, मागच्या सीटपासून पुढं. एकदा एक काका पाणीमहालातच राहिले होते, खिडकीशी.