भुज ते धोळावीरा एका दिवसात: या चुका टाळा

नाताळची सुट्टी लागली की पुण्या-मुंबईच्या गाड्या कच्छकडे निघतात आणि दर हिवाळ्यात त्याच त्या चुका बघाव्या लागतात. खावडा गावाहून धोळावीऱ्याला, म्हणजे हडप्पाकालीन शहराच्या अवशेषांकडे जाणारा रस्ता सगळ्यांना 'रोड टू हेवन' या नावाने माहीत झालाय. त्यातला सुमारे तीस किलोमीटरचा पट्टा थेट रणातून, म्हणजे मिठाच्या सपाट मैदानातून जातो. पूर्वी भुजहून भचाऊ-रापरचा वळसा घालून दोनशेच्या वर किलोमीटर तुडवावे लागत. आता एकशेतीस-पस्तीसमध्ये काम होतं. अंतर घटलं, पण रण होतं तसंच आहे, हे लोक विसरतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे फोटोसाठी गाडी मिठावर उतरवणं. वरून टणक फरशी दिसते, पण तो थर दुधावरच्या सायीइतकाच भरवशाचा. खाली काळा, चिकट चिखल असतो. पावसाळ्यात इथे पाणी भरतं, ते हिवाळाभर हळूहळू आटत जातं आणि मीठ वर राहतं. कुठे थर जाड, कुठे पातळ, हे डोळ्यांना कळत नाही.

एका डिसेंबरात, दुपारी चारच्या सुमाराला, आमच्या पुढची एक मोठी गाडी डांबर सोडून खाली उतरली. आत आजी-आजोबा आणि दोन लहान मुलं. आम्ही हात करून ओरडत होतो, तोवर चालकाने 'फोर बाय फोर आहे, काही होत नाही' म्हणत ती आणखी आत घेतली. थोड्याच अंतरावर पुढची चाकं बसली. त्याने घाबरून अ‍ॅक्सिलरेटर दाबला आणि गाडी पोटापर्यंत रुतली. फोनला रेंज नाही. आम्ही आजी-आजोबांना आणि मुलांना आमच्या गाडीत बसवलं, एकाला खावड्याकडे पाठवलं. ट्रॅक्टर येईपर्यंत अंधार पडला होता आणि वारा बोचत होता. ट्रॅक्टरवाला दादाही स्वतः डांबरावरच थांबला आणि लांब दोर टाकून गाडी ओढली. ज्याचा जन्म इथे गेला तो माणूस आपलं चाक मिठावर घालत नाही, यातच सगळं आलं.

माझी सवय साधी आहे: चाक डांबरावर, पाय मिठावर. फोटो चालत जाऊन काढायचा. गाडी कडेलाही फार खाली घ्यायची नाही, भरावाची माती भुसभुशीत असते. रुतलीच तर अ‍ॅक्सिलरेटर लगेच सोडा, सगळे उतरा, चाकांमागचा चिखल हाताने काढून पायपुसणी घाला आणि आल्या मागाने हळू मागे घ्या. एक-दोनदा जमलं नाही तर थांबा आणि मदत बोलवा. जोर लावून गाडी निघत नाही, खोल जाते.

दुसरी चूक घाईची. धोळावीरा, खावड्याजवळची काळा डुंगर ही टेकडी आणि धोर्डोच्या पांढऱ्या रणातला सूर्यास्त, सगळं एकाच दिवसात. अशी यादी पाहिली की मला खरंच वाईट वाटतं. धोळावीरा २०२१ पासून जागतिक वारसास्थळ आहे. हजारो वर्षांपूर्वी खडक कोरून, दगड रचून बांधलेले पाण्याचे हौद तिथे आहेत, आणि लोक वीस मिनिटांत सेल्फी काढून परत फिरतात. निदान अडीच तास द्या. सावली जवळपास नाही, म्हणून टोपी आणि पाणी घ्या. मी भुजहून साडेसहाला निघतो, भिरंडियाऱ्याला चहा आणि मावा, दहा-साडेदहापर्यंत धोळावीरा. दीडच्या आसपास परत निघायचं, वाटेत काळा डुंगर. पांढऱ्या रणासाठी वेगळा दिवस ठेवतो.

आणि अंधार पडल्यावर बन्नीतून, म्हणजे भुज आणि खावड्याच्या मधल्या गवताळ पट्ट्यातून, गाडी हाणू नका. बन्नीच्या म्हशी रात्री चरायला निघतात आणि पहाटे परततात. काळी म्हैस, काळा रस्ता, समोरून येणाऱ्या दिव्यांची तिरीप. ब्रेक दाबायला वेळच मिळत नाही. डिसेंबरात सूर्य सव्वासहाच्या सुमाराला मावळतो, त्या हिशेबाने परतीला लागा. उशीर झालाच तर चाळीसच्या वर जायचं नाही, गाडीतले कितीही कुरकुरले तरी.

बाकीच्या चुका थोडक्यात.

दिवाळीच्या सुट्टीत पांढऱ्या रणाची अपेक्षा धरू नका. तेव्हा बहुधा पाणीच असतं. तेही सुंदर दिसतं, पण शुभ्र मीठ हवं असेल तर डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी.

खावड्याला टाकी भरा. अर्धी आहे, पुरेल, हा हिशेब इथे करू नका.

धोर्डोच्या रणाचा परवाना लागतो, मूळ ओळखपत्रं जवळ ठेवा.

गुजरातेत दारूबंदी आहे. महाराष्ट्रातून डिकीत बाटल्या घेऊन येणं हा गुन्हा आहे.

खावड्याच्या पुढे, पाकिस्तान सीमेकडे जाणाऱ्या इंडिया ब्रिजच्या दिशेने सीमा सुरक्षा दल अडवतं. तिथे हुज्जत घालू नका, कॅमेरा बंद ठेवा.

काळ्या डुंगराच्या उतारावर 'गाडी आपोआप पळते' म्हणून न्यूट्रल करून इंजिन बंद करणारे बघितले की अंगावर काटा येतो. इंजिन बंद झालं की ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात, आणि मागून सहलीच्या बस येत असतात. वर दत्ताचं देऊळ आहे. दत्तजयंती मार्गशीर्ष पौर्णिमेला, म्हणजे नेमकी हंगामात येते, आणि पौर्णिमेला रणातही गर्दी उसळते. दर्शन शांतपणे हवं असेल तर तो दिवस सोडून जा.