घरातून रिसेल करताय? रॅक घ्यायच्या आधी हे वाचा

साड्या, कुर्त्या किंवा लहान मुलांचे एकदाच घातलेले कपडे घरून विकायला सुरुवात केली की बहुतेक जणी पहिलं विचारतात, ताई रॅक कुठली घेतली, डब्यांची लिंक द्या ना. थांबा जरा. मी इंदिरानगरला टू बीएचकेत हे काम करते, सासूबाई, दोन पोरं, येणारेजाणारे सगळं त्याच घरात. माझं मत विचाराल तर सुरुवातीला एक रुपया पण फर्निचरला घालू नका, कारण जेवढी जागा वाढवाल तेवढा माल आणून ठेवाल आणि तो विकला गेला नाही तरी डोळ्याला दिसणार नाही, दिवाणाच्या बॉक्समध्ये काय काय पडलंय हे वर्षभर कुणी बघत नाही.

ठेवायला सगळ्यात भारी आपले नाशिकचे प्लास्टिक क्रेट, द्राक्ष-टोमॅटोवाले. एकावर एक बसतात, जाळी असल्यामुळे हवा खेळती राहते, फक्त नीट धुवून वाळवून आत जुनी चादर अंथरा. पुठ्ठ्याचे खोके टाळा, आषाढ-श्रावणात ते ओल धरतात आणि झुरळं आणि कसर तिथेच मुक्काम करतात.

आता मुख्य गोष्ट, नंबर. नवीन माणूस प्रकार लावून ठेवतो, कॉटन इकडे, सिल्क तिकडे, एल साइज वेगळी, आणि नवीन लॉट आला की सगळी मांडणी पुन्हा उसकटायची. त्यापेक्षा क्रेटला नंबर द्या आणि वस्तूला त्या क्रेटचा नंबर द्या. ३-१७ म्हणजे तिसऱ्या क्रेटमधली सतरावी वस्तू, बस. शेजारी फ्रॉक आहे का दुपट्टा काही फरक पडत नाही, ऑर्डर आली की मालाच्या यादीच्या शीटमध्ये नंबर बघायचा आणि तो क्रेट उघडायचा. वस्तू गेली की तो नंबर बाद, परत वापरायचा नाही नाहीतर जुन्या फोटोवरून कुणीतरी भलतंच मागतं. नंबर मास्किंग टेपवर लिहून पिशवीला चिकटवायचा, कापडाला नाही, आणि शीटमध्ये आल्याची तारीख, खरेदीची किंमत, मापं आणि डाग-भोक काही असेल तर ते.

गठ्ठा दारात आला की हे सगळं तिथल्या तिथे. उघडायचं, उजेडात धरून बघायचं, चेन लावून बघायची, फोटो, नंबर, क्रेट. ज्याला नंबर नाही ते हॉलच्या पुढे जात नाही असा नियम घरात सगळ्यांना माहीत पाहिजे. "नंतर फोटो काढू" वाला ढीग खुर्चीवर बसला की तो उठत नाही.

तारीख कशाला? तर तीन महिने. तेवढ्यात नाही गेलं तर भाव उतरवायचा, मग दोनतीन वस्तूंचा कॉम्बो, तरी नाही तर घराबाहेर. लहान मुलांचे कपडे बोहारणीला द्यायला लाजू नका, एक पातेलं आलं तरी जागा मोकळी झाली. सीझनच्या मालाला मात्र तीन महिन्यांचं गणित चालत नाही. काळ्या साड्या १४ जानेवारीच्या आत संपल्या पाहिजेत, संक्रांत गेली की पुढच्या संक्रांतीपर्यंत काळ्याला कुणी हात लावत नाही, म्हणून शेवटच्या आठवड्यात नफा सोडून द्या. नवरात्राच्या नऊ रंगांचं पण तसंच, क्रम दर वर्षी बदलतो आणि सगळ्यांना साडी त्याच आठवड्यात पाहिजे असते, त्यामुळे नऊच्या नऊ रंगांचा साठा करू नका, आधी ऑर्डर घ्या मग माल उचला.

येवल्याची पैठणी किंवा कुठलंही सिल्क ठेवत असाल तर प्लास्टिकमध्ये कोंडू नका. मलमलच्या कापडात, आणि अधूनमधून घडी बदलायची नाहीतर त्याच रेषेवर कापड चिरतं. डांबरगोळ्या जरीला लागू देऊ नका. सेमी पैठणीला एवढे लाड लागत नाहीत, पण ओल कुणालाच चालत नाही.

पॅकिंगचा पसारा हा वेगळाच विषय. आपण प्रत्येक खोकं जपून ठेवतो, कामाला येईल म्हणून. पण कुरिअरवाले नुसतं वजन बघत नाहीत, लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटीमीटरमध्ये, भागिले ५००० असा हिशोब बऱ्याच ठिकाणी लावतात आणि दोन्हीतलं जास्त असेल त्याचे पैसे घेतात. ३० बाय २५ बाय १० चा खोका म्हणजे दीड किलो, आत कुर्ती ३०० ग्रॅमची! कपड्याला साधी कुरिअर बॅग पुरते, दोन साइज ठेवा आणि माळ्यावरचे खोके भंगारात घाला. पॅकिंग करताना नंबर दिसेल असा व्हिडिओ काढा, रिटर्न आलं की उघडताना पण काढा, आणि ते तपासल्याशिवाय क्रेटमध्ये परत टाकू नका.

आणि ते "बघायला नेते गं" प्रकरण. नणंद, जाऊबाई, भिशीतल्या मैत्रिणी चार साड्या नेतात, एक ठेवतात, उरलेल्या तिन्ही महिनाभर त्यांच्या कपाटात. भांडायचं नाही, पण शीटमध्ये "बाहेर" असा एक कॉलम करा, कुणाकडे आणि कधीपासून. मी आता नेतानाच सांगते की रविवारी परत पाहिजे, ऑर्डर असू शकते. थोडं वाईट वाटतं त्यांना, चालतं.

पैशाला वेगळं बँक खातं आणि खरेदीच्या बिलांना एक फाइल पहिल्या दिवसापासून. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल विकत असाल तर ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही, ऑनलाइन प्लॅटफॉर्मवरून राज्यातच विकणाऱ्या छोट्यांना पण ऑक्टोबर २०२३ पासून सवलत आहे, फक्त नोंदणीऐवजी जीएसटीचा एनरोलमेंट नंबर घ्यावा लागतो. सुरतेहून माल आणला तर अडचण नाही, पण सुरतेला विकायचा म्हटलं की नियम बदलतात, तेव्हा पहिली परराज्यातली ऑर्डर घ्यायच्या आधी सीएला एक फोन करा.

एवढं बसलं आणि तरी क्रेट कमी पडायला लागले, तर मग रॅक घ्या खुशाल.