जुन्या ट्रॅक्टरची स्लेड-ओढ: सुरक्षा तपासणी कशी करावी आणि सगळ्यांना एकच माप कसं लावावं

अमेरिकेच्या मध्यपश्चिमेत, म्हणजे ओहायो, इंडियाना, आयोवा, विस्कॉन्सिन या पट्ट्यात, उन्हाळ्यातल्या काउंटी फेअरना (जिल्ह्याच्या जत्रांना) जुन्या ट्रॅक्टरांची ओढ ठरलेली असते. फार्मॉल एम, जॉन डिअर ए, ऑलिव्हर 77, ॲलिस-चाल्मर्स डब्ल्यूडी-45 असे 1930 ते 1950 च्या दशकांतले ट्रॅक्टर लोखंडी स्लेड (वजन लादलेली घसरगाडी) ओढतात. स्लेड पुढे सरकते तशी तिच्यावरची वजनाची पेटी मागच्या चाकांकडून पुढच्या सपाट तव्याकडे येते, तवा मातीत दबतो आणि ओढ जड होत जाते. जो जास्त लांब नेईल तो जिंकला. 300 फूट (सुमारे 91 मीटर) पूर्ण केले की ‘फुल पुल’. बक्षीस बहुतेक ठिकाणी ट्रॉफीचं, पंच म्हणजे क्लबचेच सदस्य. म्हणूनच इथे नियम ओळखीपाळखीत विरघळण्याचा धोका मोठा असतो. हे मार्गदर्शन अशा क्लबमध्ये तपासणीचं काम अंगावर घेणाऱ्यांसाठी आहे.

एक गोष्ट आधी पक्की करा. या खेळात फायदा आणि धोका एकाच जागी बसलेले असतात: ड्रॉबारच्या (ट्रॅक्टरमागे ओझं जोडायच्या दांड्याच्या) हुकात. हुक वर घेतलं की ओढताना पुढचं वजन मागच्या टायरवर जास्त येतं, पकड वाढते, स्लेड लांब जाते. आणि त्याच कारणाने ट्रॅक्टर पुढून उठतो. त्यामुळे हुकाचं माप नीट घेतलं की सुरक्षेचं आणि न्यायाचं निम्मं काम तिथेच होतं.

हुकाचं माप

सर्वसाधारण मर्यादा जमिनीपासून जास्तीत जास्त 20 इंच (सुमारे 51 सेंमी) आणि मागच्या एक्सलच्या मध्यापासून मागे कमीत कमी 18 इंच (सुमारे 46 सेंमी). पहिला आकडा का, ते गणितातून दिसतं. समजा 5,500 पौंडाचा (सुमारे 2,500 किलो) ट्रॅक्टर स्वतःच्या वजनाइतक्या जोराने ओढतोय. पुढचा भाग उचलू पाहणारा जोर म्हणजे ओढ गुणिले हुकाची उंची. हुक 20 ऐवजी 22 इंचांवर असलं तर हा जोर थेट 10 टक्क्यांनी वाढतो. ‘दोन इंचांनी काय होतंय’ म्हणणाऱ्याला हा हिशेब कागदावर मांडून दाखवा.

दुसरा आकडा लोक कमी समजून घेतात. ट्रॅक्टर पुढून उठतो तेव्हा तो मागच्या एक्सलभोवती फिरतो आणि हुक खाली जातं. ओढीची रेषा खाली आली की उठणं आपोआप आवरतं. पुढचं टोक 15 अंश उठलं तर 18 इंच मागे असलेलं हुक साधारण साडेचार इंच खाली येतं, 10 इंचांवर असलेलं जेमतेम सव्वादोन. आखूड ड्रॉबार म्हणजे हा आधार निम्म्यावर आणणं. टॉप लिंकला (ड्रॉबारच्या वर असलेल्या, अवजारं जोडायच्या दांड्याला) किंवा एक्सलच्या घराला साखळी बांधायला तर कधीच परवानगी नाही. उठायला लागलेला ट्रॅक्टर पाऊण सेकंदाच्या आसपास अशा टप्प्याला पोचतो की मग क्लच दाबूनही उपयोग नसतो, आणि दीड सेकंदात चालकासकट उलटा होतो. माणसाची प्रतिक्रिया तिथे पुरत नाही, म्हणून माप आधीच घ्यायचं.

माप कसं घ्यायचं: ट्रॅक्टर वजनकाट्यावरून उतरल्यावर सपाट काँक्रीटवर, मातीवर नाही. चालक सीटवर बसलेला. टायरमध्ये ओढताना असेल तेवढीच हवा. दाबाचा आकडा तपासणीच्या कागदावर लिहून घ्या. स्लेडचं हुक जिथे टेकून ओढणार त्या बिंदूची उंची मोजा, ड्रॉबारच्या पट्टीची नाही. मोजपट्टीपेक्षा 20 इंचांवर खूण केलेली लोखंडी काटकोनी पट्टी बरी, कारण ती प्रत्येकाला सारखंच उत्तर देते आणि वाद घालायला जागा ठेवत नाही. मग ड्रॉबार हाताने जोर लावून वर-खाली, डावी-उजवीकडे हलवून बघा. पिनमध्ये ढिलाई असेल तर ताण आल्यावर हुक वर सरकतं, म्हणून उंची हुक वर ओढून धरून मोजा.

नेहमीची पळवाट हवेची: कमी हवेत मोजायचं आणि रांगेत उभं राहिल्यावर हवा भरायची. यावर उपाय म्हणजे प्रत्येक गटातल्या (वजन, रेस किंवा वेगमर्यादेप्रमाणे पाडलेल्या) पहिल्या तिघांचं माप आणि वजन ओढ संपल्यावर पुन्हा घेणं. ट्रॅकवरून थेट काट्यावर, मध्ये कुठेही थांबायचं नाही. हा नियम सकाळीच जाहीर करा, मग कोणाला ‘माझ्यावरच संशय घेतला’ असं वाटत नाही.

किल स्विच

किल स्विच म्हणजे दोरी ओढली की इंजिन बंद करणारा स्विच. तो बसवलेला आहे का, हे बघून भागत नाही. इंजिन मध्यम रेसवर ठेवा, मागून दोरी ओढा आणि इंजिन बंद पडतं का बघा. प्रत्येक ट्रॅक्टरला, प्रत्येक स्पर्धेला. इथे तीन गोष्टी चुकतात. ठिणगीसाठी काही जुन्या ट्रॅक्टरांत मॅग्नेटो असतो, काहींत बॅटरी-कॉइल; फार्मॉल एम दोन्ही प्रकारांत आढळतो. कॉइलचा प्रवाह तोडला की ठिणगी थांबते, पण मॅग्नेटो स्वतःची वीज स्वतः करतो. त्याला थांबवायचं तर प्राथमिक वायर बॉडीला टेकवावी लागते. बॅटरीचा स्विच मॅग्नेटोच्या ट्रॅक्टरला लावला तर इंजिन चालूच राहतं. दुसरं, ज्यांनी 12 व्होल्टचा अल्टरनेटर बसवलाय त्यांच्यात कधी कधी उत्तेजक वायरमधून उलटा प्रवाह कॉइलला मिळतो आणि स्विच तोडूनही इंजिन थांबत नाही. त्या वायरीत डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) टाकला की प्रश्न सुटतो. तिसरं, डिझेलला ठिणगीच नसते. तिथे इंधन किंवा हवा बंद करणारी झडप दोरीला जोडलेली हवी.

स्लेडकडून आलेली दोरी ओढीच्या साखळीपेक्षा लांब आणि सैल हवी, म्हणजे साखळी तुटली तरच ती ताणली जाईल. चालक सीटवरून पडला तर क्लच आपोआप सुटत नाही, पायाचा असो की जॉन डिअरचा हाताचा. तेव्हा ही दोरी हाताने ओढूनच इंजिन थांबवता येतं.

बाकी लोखंड

मागचे व्हीली बार (ट्रॅक्टर उठून मागे उलटू नये म्हणून लावलेले लोखंडी दांडे) ट्रॅक्टरचं मागचं वजन पेलतात का, हे त्यांच्या पावलांखाली जॅक लावून तपासा. वाकले तर ते नुसते शोभेचे. ते ड्रॉबारला जोडलेले नसावेत, कारण एक तुटलं की दुसरंही जातं. पावलं जमिनीपासून 10 इंचांपेक्षा वर नकोत.

वजनं नट-बोल्टने कसलेली हवीत. साखळीने किंवा लवचीक पट्ट्याने बांधलेलं वजन घसरतं आणि चाकाखाली येतं. ओढताना वजन पडलं तर लाल झेंडा आणि ती ओढ बाद. किती अंतर झालं याचा विचार नाही.

रेसबद्दल कडक राहा. फार्मॉल एमचं इंजिन मिनिटाला 1,450 फेऱ्यांसाठी बनलेलं आहे. गव्हर्नर (रेस आवरणारा भाग) सैल करून 2,200 ला नेलं तर फ्लायव्हीलवरचा ताण वेगाच्या वर्गाने, म्हणजे सुमारे 2.3 पट होतो, आणि तेही सत्तर-ऐंशी वर्षं जुन्या बिडावर. मूळ रेसच्या गटात टॅकोमीटर (फेऱ्या मोजणारं यंत्र) लावून आकडा वाचा. वाढीव रेसच्या गटात क्लच-फ्लायव्हीलभोवती पोलादी कवच नसेल तर ट्रॅकवर सोडू नका.

ट्रॅकवर

हुक लावणारा नेहमी बाजूने येतो, साखळी ओलांडत नाही, आणि ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये असून चालकाचे हात वर दिसल्याशिवाय वाकत नाही. साखळी आधी हळू ताणायची. झटका मारून सुरुवात केली तर ओढ थांबवायची. चालक सीटवर बसलेलाच, ट्रॅक्टरवर दुसरं कोणी नाही. ओढीच्या रेषेत पुढे-मागे माणूस नको. लाल झेंडा दोघांकडे असावा आणि स्लेड चालवणाऱ्यालाही थांबवण्याचा पूर्ण अधिकार असावा.

वेगमर्यादेच्या गटात नजरेने अंदाज करू नका. ताशी 3 मैल म्हणजे सेकंदाला 4.4 फूट, म्हणजेच 50 फुटांना 11.4 सेकंद, ताशी 4 मैलांना 8.5 सेकंद. 50 आणि 100 फुटांवर खुणा करा, स्लेड पहिल्या खुणेवर आली की घड्याळ सुरू. दोन माणसं मोजतील आणि दोघांचीही वेळ कमी भरली तरच बाद.

निकाल सगळ्यांना सारखा

ज्या गटात आपण किंवा घरचं कोणी ओढतंय, त्या गटाची तपासणी दुसऱ्याने करावी. ओढीचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा. पहिल्या चालकाला स्लेडचा अंदाज नसतो, म्हणून ती ओढ ठेवायची की शेवटी पुन्हा ओढायची हे त्याने लगेच सांगावं. स्लेडची मांडणी बदलली तर तो गट पहिल्यापासून.

चुका तीन प्रकारच्या धरा. धोका निर्माण करणारी (चालू न होणारा किल स्विच, उंच हुक, चालकाचं मद्यपान): ओढायचंच नाही, यंत्राचा दोष असेल तर गट संपेपर्यंत दुरुस्तीची मुभा, मद्याला दिवसभराची बंदी. फायदा देणारी (जास्त वजन, वेग, ओढीनंतर वाढलेलं माप): त्या गटातून बाद. कागदाची (चुकीचा नंबर, उशिरा नोंद): दुरुस्त करून पुढे. तिसऱ्या प्रकाराला पहिल्याइतकी शिक्षा दिली की लोक नियमांवरच चिडतात, आणि पहिल्याला तिसऱ्यासारखं सोडलं की कोणी तरी दवाखान्यात जातं.

तक्रार लेखी, त्याच गटातल्या स्पर्धकाची, निकालानंतर अर्ध्या तासात, ठरलेली रक्कम भरून. मोजमाप दोघांसमोर, त्याच पट्टीने आणि त्याच काट्यावर. तक्रार खरी ठरली तर रक्कम परत. आकडा वहीत लिहा आणि ती वही कोणालाही बघू द्या.

नियम बदलायचा असेल तर हिवाळ्यातल्या बैठकीत बदला, हंगाम सुरू झाल्यावर नाही. अपवाद ट्रॅकवर नवा धोका दिसला तरच, आणि तेव्हा तो त्याच दिवशी, उरलेल्या सगळ्या गटांना, ध्वनिक्षेपकावरून सांगून लागू करायचा.