जनुकांवरून रक्तातलं कारण शोधताय? या चुका टाळा

एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) जास्त असलेल्यांना हृदयविकार कमी होतो, हे अनेक अभ्यासांत दिसलं होतं. पण एचडीएल वाढवल्याने हृदयविकार टळतो का? २०१२ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अभ्यासात एलआयपीजी जनुकातल्या एका बदलामुळे जन्मतःच एचडीएल जास्त असलेले लोक तपासले. त्यांना हार्ट अटॅकचा धोका इतरांपेक्षा कमी नव्हता. जनुकांतले जन्मजात फरक वापरून कारण शोधण्याच्या या पद्धतीला मेंडेलियन रँडमायझेशन (एमआर) म्हणतात; तिची ताकद हीच. आईवडिलांकडून जनुकाचं कोणतं रूप मिळेल हे गर्भधारणेच्या वेळीच ठरतं. आहार, पगार, सिगारेट हे सगळं नंतरचं.

आता सॉफ्टवेअर फुकट मिळतं, आकडे जाहीर असतात आणि उत्तर काही मिनिटांत येतं. त्यामुळे सगळ्यात मोठी चूक आधीच होऊन जाते: व्हेरियंट (जनुकातला बदल) रक्तातलं माप नेमकं कोणत्या वाटेने हलवतो, हे कोणी विचारतच नाही.

एचबीए१सी घ्या, म्हणजे मधुमेहासाठी तपासलं जाणारं, हिमोग्लोबिनला चिकटलेल्या साखरेचं माप. २०१७ च्या एका मोठ्या अभ्यासात त्याच्याशी जोडलेले ६० व्हेरियंट सापडले. त्यातले १९ साखरेच्या वाटेचे, तर २२ तांबड्या पेशींच्या वाटेचे. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते आणि तेवढ्या काळात हिमोग्लोबिनला साखर चिकटत जाते. जी६पीडी (तांबड्या पेशींना जपणारं एन्झाइम) कमी असेल तर पेशी लवकर मरू शकते, साखर चिकटायला वेळच कमी मिळतो. मग रक्तातली साखर तेवढीच असूनही एचबीए१सी कमी दिसतं. असे व्हेरियंट ‘साखर’ म्हणून यादीत घातले, तर आपण मधुमेहाबद्दल नव्हे, पेशीच्या आयुष्याबद्दल प्रश्न विचारत असतो. म्हणून प्रत्येक व्हेरियंट उपाशीपोटीची साखर, हिमोग्लोबिन आणि एमसीव्ही (तांबड्या पेशीचा सरासरी आकार) यांच्याशी ताडून पाहा. आपल्याकडे तर हे टाळताच येणार नाही. भारतात आढळणाऱ्या जी६पीडीच्या एका प्रकाराचं नावच केरळ-कल्याण आहे, विदर्भात सिकलसेलचे वाहक आहेत. युरोपीय लोकांवरून काढलेले आकडे इथे जसेच्या तसे लावू नका.

दुसरी अडचण आलेखात दिसते; त्यात एकेक ठिपका म्हणजे एकेक व्हेरियंट. बाकीचे ठिपके एका रेषेत आणि एकच ठिपका रेषा ओढून नेतोय, असं दिसलं की आधी एसएच२बी३ हे जनुक तपासा. त्यातला एक नेहमीचा व्हेरियंट प्लेटलेट, इओसिनोफिल (एक प्रकारची पांढरी पेशी), रक्तदाब, टाइप १ मधुमेह आणि सिलिअ‍ॅक आजार, सगळ्यांशी जोडलेला आहे. प्लेटलेटचा हृदयविकाराशी संबंध शोधताना तो एकटाच उत्तर फिरवू शकतो. एकेक व्हेरियंट काढून गणित पुन्हा करा. पेशींची मापं एकमेकांत गुंतलेली असल्याने ती एकत्र घेऊनही बघा. एमआर-एगरची कसोटी (व्हेरियंट भलत्याच वाटेने परिणाम करतात का हे पाहणारी) ‘पास’ झाली म्हणून निर्धास्त होणं मला धोक्याचं वाटतं, कारण व्हेरियंट थोडे असतील तर तिला दोष पकडताच येत नाही.

उत्तर थेट उलटंच आलं, तर अ‍ॅलील (जनुकाची रूपं) दोन फाइलींत उलटे जुळलेत का ते पाहा. डीएनएच्या अक्षरांच्या ए/टी आणि जी/सी जोड्यांत, विशेषतः वारंवारता ५० टक्क्यांच्या आसपास असेल तर, डीएनएचा धागा कोणता हे कळत नाही; असे व्हेरियंट वगळलेले बरे. तीच पद्धत एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) आणि हृदयविकारावर चालवून बघा. तिथे एलडीएल घातक निघालं नाही, तर चूक तुमच्या फाइलमध्ये आहे. आणि रक्तातल्या मापाचे व आजाराचे, दोन्हीकडचे आकडे यूके बायोबँक या ब्रिटनमधल्या मोठ्या आरोग्य-माहितीसाठ्याचेच असतील, तर तीच माणसं दोनदा मोजली जातात. साधन कमजोर असेल, म्हणजे व्हेरियंट ते माप फारसं हलवत नसतील, तर उत्तर साध्या निरीक्षणात दिसणाऱ्या संबंधाकडे झुकतं.

शेवटचं, आकड्याच्या अर्थाबद्दल. २००६ साली आलेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांत पीसीएसके९ (एलडीएल वाढवणारं जनुक) निकामी करणारे बदल असलेल्यांचं एलडीएल २८ टक्क्यांनी कमी होतं, आणि हृदयरोगाचा धोका तब्बल ८८ टक्क्यांनी. पन्नाशीत गोळी सुरू करून पाच वर्षांत एवढा फायदा होत नाही, कारण त्या लोकांच्या धमन्यांना कमी एलडीएल जन्मापासून मिळालं होतं. निष्कर्ष लिहिताना ‘जन्मभर’ हा शब्द गाळू नका.