हर्णैच्या लिलावाचे चित्र: पुण्याहून जाणाऱ्या चित्रकारांसाठी

इंग्लंडच्या किनाऱ्यावरील न्यूलिन या कोळ्यांच्या गावात चित्रकारांची वसाहत नांदली. स्टॅनहोप फोर्ब्स तेथे १८८४ मध्ये आला आणि मासळीच्या लिलावाचे मोठे तैलचित्र त्याने वाळूवरच कॅनव्हास उभा करून रंगवले. त्या चित्रातील ओल्या वाळूची चमक ज्याला भावते, त्याने ताम्हिणी घाट उतरून दापोलीजवळचे हर्णै बंदर अवश्य गाठावे; तेथे सायंकाळी किनाऱ्यावर मासळीचा लिलाव भरतो.

दिवस मात्र तिथी पाहूनच ठरवावा. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण कळते आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी होते. म्हणजे द्वादशीला भरती नऊच्या सुमारास, तर ओहोटी दुपारी तीनच्या आसपास. सायंकाळच्या लिलावाला ओली वाळू हवी असेल, तर द्वादशी ते पौर्णिमा किंवा अमावास्या हे दिवस उत्तम. जून-जुलैत यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते, त्यामुळे तेव्हा जाऊ नये.

जलरंगात काम करणाऱ्या पुणेकराची खरी परीक्षा हवेत आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ थर, पाहता पाहता वाळतो; तेथे दमट वाऱ्यात तो बराच वेळ ओला राहतो. पहिल्या खेपेला मी सवयीने लगेच दुसरा हात दिला आणि सुवर्णदुर्गाची तटबंदी आकाशात पसरली. म्हणून ३०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) जाड कागद चारही बाजूंनी टेप लावून बसवावा, एकाच वेळी दोन चित्रे चालू ठेवावीत आणि ब्रश गोड्या पाण्यातच धुवावा, कारण खारे पाणी रंगात डाग पाडते.

वाळूचा करडा रंग काळ्यातून काढू नये; अल्ट्रामरीन हा निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी यांच्या मिश्रणातून तो जिवंत येतो. पापलेटच्या पोटाला रंगच लावू नये, कागद कोरा सोडावा आणि कल्ल्यापाशी फिकट जांभळ्याचा एक स्पर्श द्यावा. मासा ताजा दिसतो.

माणसे रेखाटण्याचा सराव आधी महात्मा फुले मंडईत करावा. किनाऱ्यावर लिलावाच्या कोंडाळ्यात शिरू नये, टोपल्यांची वाट सोडून, वाऱ्याकडे पाठ करून बसावे आणि कोणाचा चेहरा काढायचा असेल तर "मावशी, काढू का?" असे आधी विचारावे. मावशी हातातले काम थांबवणार नाहीत, तेव्हा चेहऱ्याआधी डोक्यावरच्या टोपलीचा तोल आणि मानेचा बाक टिपावा.

परतताना कागद गुंडाळू नयेत. ते आतून दमट असतात, म्हणून बोर्डासकट आडवे ठेवून आणावेत आणि घरी पंख्याखाली पूर्ण वाळल्यावरच टेप सोडवावी.