पहिली ते चौथीच्या मुलांना मराठी वाचन, शब्द आणि व्याकरण कसं शिकवायचं

पहिलीत आधी क ते ज्ञ सगळी मुळाक्षरं घोकून घ्यायची, मग अख्खी बाराखडी, मग कुठे शब्द, ही पद्धत अजून बऱ्याच ठिकाणी चालू आहे, आणि त्यात पोरगं दिवाळीपर्यंत अर्थ असलेला एक शब्दही स्वतःचा स्वतः वाचत नाही. म्हणून सगळ्यात आधी तो क्रम सोडा. ङ आणि ञ ची पहिलीत काही घाई नसते. सुरुवातीला क, म, न, र, स आणि काना, बस. एवढ्यात मामा, काका, काम, कान, नाक, मान, रान, मका, सासर, कासरा एवढे शब्द तयार होतात आणि "काका मका" असलं काहीतरी वाचताना मुलाला पहिल्याच महिन्यात कळतं की आपल्याला वाचता येतं. ते कळणं फार महत्त्वाचं आहे. मग ळ, त, ल, ब घ्या, पहिली वेलांटी घ्यायच्या आधी दुसरी घ्या कारण माती, माळी, मामी, नानी असे शब्द भरपूर मिळतात.

अक्षर फळ्यावर लिहायच्या आधी ते कानाने पकडू द्या. "मका म्हणताना पहिला आवाज कुठला आला? शेवटचा कुठला?" हे तोंडी, टाळ्या वाजवत करायचं, पाटी-पेन्सिल काही नको. मग जुन्या लग्नपत्रिकांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर अक्षरं लिहून कार्ड करा. ना आणि क ठेवले की नाक, काढून का आणि न ठेवले की कान, मुलं स्वतः उलटसुलट करून बघतात आणि त्यातच खरं शिकणं होतं.

काही मुलं क… म… ळ… असं सुटं वाचतात आणि शब्द जोडतच नाहीत. त्यांना पुन्हा अक्षरं गिरवायला बसवू नका, अक्षरं त्यांना येतात, जोडणं येत नाही. तुम्ही तोंडाने तुटक म्हणा, मुलाने शब्द ओळखायचा, असं रोज थोडा वेळ करा आणि मग तेच पुस्तकावर करा. चहातला च वेगळा, चाकातला च वेगळा, हे मुलाला आधीच बोलता येतं, त्यामुळे ते समजावत बसू नका, शब्द कळला की उच्चार आपोआप बरोबर येतो. जोडाक्षरात मात्र थांबा, तिथेच बरीच मुलं अडकतात. विशेषतः र ची रूपं, सूर्य मधला रफार, चंद्र मधला र, ट्रक मधला र, आणि दर्या-दऱ्या. ही जोडी फळ्यावर शेजारी शेजारी लिहा, दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या, मोठ्याने म्हणायला लावा, फरक कानाला लगेच कळतो.

आणि एक कळकळीने सांगते, मूल "पाणी" समोर बघून "पानी" म्हणालं तर ती वाचनाची चूक नाही. त्याने शब्द बरोबर वाचला, बोलला घरच्यासारखा. अहिराणी, मालवणी, कोरकू, भिली बोलणारी मुलं आपल्या वर्गात असतात, त्यांना दर शब्दाला अडवलं तर ती तोंड उघडणंच बंद करतात. घरचा शब्द पण फळ्यावर लिहा, त्याच्या शेजारी पुस्तकातला लिहा, दोन्ही राहू देत.

मूल कुठे आहे ते बघायला मोठी परीक्षा लागत नाही. प्रथम संस्था 2005 पासून असर या मुलांच्या वाचन-गणिताच्या सर्वेक्षणात करते तसं करा, एका कागदावर अक्षरं, शब्द, पहिलीचा छोटा उतारा आणि दुसरीची गोष्ट, एकेकाला जवळ बसवून वाचायला द्या. मग इयत्ता न बघता पातळीप्रमाणे गट करा. निपुण भारत या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानात तिसरीला मिनिटाला 60 शब्द असं लक्ष्य आहे, ते ठीक आहे, पण भरभर वाचून "गोष्टीत काय झालं" याचं उत्तर आलं नाही तर तो वेग काही कामाचा नाही. रोज तुम्ही स्वतः मोठ्याने गोष्ट वाचून दाखवा. बालभारतीचं किशोर मासिक 1971 पासून निघतंय, जुने अंक ऑनलाइन मोफत मिळतात, गोष्टींना तोटा नाही.

शब्दसंग्रहासाठी "शब्दार्थ पाच वेळा लिहा" नको. एक क्रिया घ्या आणि घरात विचारून यायला सांगा. भाजी चिरतात, सुपारी कातरतात, ऊस तोडतात, फुलं खुडतात, नारळ फोडतात, शेंगा सोलतात, सगळ्याला नुसतं "कापणे" म्हणत नाहीत, हे आजीला विचारून आलेलं मूल विसरत नाही. तसंच मेथीची जुडी, केळ्यांचा घड, भाकरींची चवड, किल्ल्यांचा जुडगा. किंवा एक शब्द धरून त्याचं कुटुंब काढा, पाणी वरून पाणवठा, पाणपोई, पाणबुडी, पाणथळ.

व्याकरण व्याख्येपासून सुरू करू नका, कारण मराठी घरातलं मूल ते कानाने घेऊनच शाळेत येतं. "राजूने … खाल्ला, खाल्ली, खाल्लं" असं फळ्यावर लिहा आणि आंबा, चिंच, केळं कुठे बसतात ते विचारा, झटक्यात सांगतील. मग राजूच्या जागी मीना आणा. "मीनाने आंबा खाल्ला", काही बदललं नाही. आता "राजू आंबा खातो" आणि "मीना आंबा खाते" लिहा, इथे बदललं. का बदललं ते त्यांनाच शोधू द्या, तिसरी-चौथीची मुलं यावर खरंच भांडतात आणि लिंग, कर्ता, कर्म हे शब्द त्यानंतर सांगितले की ते चिकटतात.

ऱ्हस्व-दीर्घचे दोनच नियम आधी द्या. शब्दाच्या शेवटी इकार किंवा उकार आला तर दीर्घ, पाटी, वही, खडू, लाडू (आणि, परंतु असे थोडे अपवाद). दुसरा, मीठ-मिठात, दूध-दुधात, फूल-फुलाला, विहीर-विहिरीत, पुढे प्रत्यय लागला की शेवटच्या अक्षराच्या आधीचं दीर्घ ऱ्हस्व होतं. गुण, विष असले संस्कृत शब्द मुळातच ऱ्हस्व असतात, ते तसेच लक्षात ठेवायचे. वही तपासताना एका वेळी एकाच प्रकारची चूक दाखवा, पान लाल केलं की मूल पुढच्या वेळी दोन ओळीच लिहितं.

चौथीत येऊनही वाचता न येणारं मूल असेल तर त्याला पहिलीचं पुस्तक सगळ्यांसमोर देऊ नका, त्याला लाज वाटते. त्याला पहिलीच्या वर्गात गोष्ट वाचून दाखवायचं काम द्या, आदल्या दिवशी ती गोष्ट तुमच्याजवळ बसून तयार करून घ्यायची, आणि दर आठवड्याला थोडी मोठी गोष्ट द्यायची.